राजपद वंशाने मिळावे काय? बडोद्याच्या अनुभवातून उभा राहिलेला प्रश्न

विश्वामित्रीकाठ (धागाकर्ता)

बडोद्यात राहून राजेशाहीच्या विरुद्ध लिहिणे सोपे नाही. आजव्याचे पाणी, सयाजीबाग, न्यायमंदिर, मध्यवर्ती ग्रंथालय, विद्यापीठ अशा आमच्या रोजच्या जगण्यातल्या कितीतरी गोष्टींच्या मुळाशी महाराजा सयाजीराव गायकवाड हे एकच नाव येते, आणि इथल्या मराठी घरांत ते नुसते 'महाराज' म्हणून आजही आदराने घेतले जाते. त्या आदरातच मी वाढलो आहे आणि तो मला यत्किंचितही कमी करायचा नाही. परंतु जगातल्या सुमारे चाळीस देशांचे प्रमुखपद आजही जन्मावरून ठरते, त्यांत ब्रिटन, जपान, स्पेन, नॉर्वे, स्वीडन, नेदरलँड्स यांसारख्या भक्कम लोकशाह्या आहेत, आणि ही व्यवस्था आधुनिक देशाने पुढे चालू ठेवावी काय, असा प्रश्न निघाला की आमच्याकडे पहिले उत्तर येते ते सयाजीरावांचे. 'राजा असा असेल तर काय बिघडले?' असे विचारले जाते. मला वाटते की सयाजीरावांचा इतिहास नीट पाहिला तर तो वंशपरंपरेच्या बाजूने साक्ष देत नाही. तो तिच्या विरुद्ध साक्ष देतो.

१८७० साली खंडेराव महाराज वारले तेव्हा जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर गादी त्याची होती. मुलगी झाली, आणि म्हणून गादी खंडेरावांचे धाकटे बंधू मल्हारराव यांच्याकडे राहिली. हेच मल्हारराव भावाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून पाद्र्याला कैदेत होते. प्रजेने त्यांना निवडले नव्हते, कोणी त्यांची पात्रता तपासली नव्हती. रक्ताचा नियम त्यांच्यापाशी येऊन थांबला, एवढेच. पुढे रेसिडेंट (दरबारातील इंग्रज सरकारचे प्रतिनिधी) कर्नल फेयर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप त्यांच्यावर आला. चौकशी आयोगात सहा सदस्य होते. तिघा इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह आणि सर दिनकरराव या तिघांना तो सिद्ध वाटला नाही. शेवटी इंग्रज सरकारने त्या आरोपाचा आधार सोडून दिला आणि गैरकारभाराचे कारण देऊन १८७५ साली मल्हाररावांना पदच्युत केले. राजा नालायक ठरला तर त्याला हटवण्याचा कोणताही मार्ग प्रजेच्या हाती नव्हता. तो परक्या सत्तेच्या हाती होता, आणि तिने तो आपल्या सोयीने वापरला.

त्यानंतर जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी गायकवाडांची एक दूरची शाखा शेती करून राहत होती. तिथून मुले आणली गेली, त्यांना पाहिले-पारखले गेले आणि बारा वर्षांचा गोपाळराव निवडला गेला. हेच पुढचे सयाजीराव. मग सहा वर्षे त्याचे कसून शिक्षण झाले. त्या काळात राज्याची घडी दिवाण सर टी. माधवरावांनी बसवली, आणि १८८१ च्या अखेरीस त्याला पूर्ण अधिकार देण्यात आले. म्हणजे ज्या राजाकडे बोट दाखवून आपण राजेशाहीचे समर्थन करतो, तो निवडीने आला, शिक्षणाने घडला आणि अनुभवी प्रशासकाने सावरलेले राज्य त्याला मिळाले. रक्ताच्या सरळ नियमाने त्याच गादीवर त्याच्या आधी कोण बसले होते, हे वर सांगितलेच आहे. निवड, शिक्षण आणि नालायकाला हटवण्याची सोय या तीन गोष्टी आपल्याला हव्या असतील, तर त्या देण्याची व्यवस्था प्रजासत्ताकात आहे, वंशात नाही.

आणखी एक गोष्ट मला मांडायची आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९१३ साली डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, हे प्रत्येक बडोदेकर अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. पण १९१७ साली ते करारानुसार नोकरीसाठी बडोद्यास आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहावे लागले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि ज्या राज्याने त्यांना परदेशी पाठवले त्याच राज्याच्या राजधानीतील कमाटीबागेत त्यांना निराधार होऊन बसावे लागले. सयाजीरावांच्या मनात सहानुभूती नव्हती, असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु राजाच्या सहानुभूतीतून आलेले साहाय्य हे राजाचा हात पोहोचेल तेथपर्यंतच पोहोचते. कचेरीतला कारकून, शिपाई, धर्मशाळेचा मालक यांच्यापुढे उभे राहून 'हा माझा हक्क आहे' असे म्हणण्यासाठी जे लागते, ते महाराजांच्या कृपेत नव्हते. ते पुढे अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदात आले, आणि तो अनुच्छेद असलेले संविधान घडवण्यात त्याच माणसाचा सिंहाचा वाटा होता.

आजच्या युरोपीय राजांना हे लागू नाही, असे कोणी म्हणेल. त्यांना सत्ताच नाही, हे खरे आहे. स्वीडनने १९७४ च्या राज्यघटनेत पंतप्रधान नेमण्याचे कामही राजाकडून काढून संसदेच्या सभापतीकडे दिले. नेदरलँड्सच्या संसदेने २०१२ साली सरकार बनवण्याच्या प्रक्रियेतून राणीला बाजूला केले. जपानच्या संविधानाने सम्राटाला राज्यकारभाराचा कोणताही अधिकार ठेवला नाही. या देशांत राजपद टिकले ते अधिकार एकेक करून काढून घेतले गेल्यामुळे. मग उरते काय? देशातले एक सर्वोच्च पद, ज्याची आकांक्षा एका घराबाहेरच्या कोणत्याही मुलाने धरायची नाही, आणि एक मूल, ज्याने ते पद नाकारायचे नाही. हे उरलेलेही आधुनिक देशाने सोडून द्यावे, असे माझे मत आहे. सदस्यांनी मोकळेपणाने लिहावे. केवळ कोणत्याही घराण्याच्या आजच्या व्यक्तींविषयी वैयक्तिक टिप्पणी करू नये, अशी विनंती.

दांडियाबाजार

आपला लेख काळजीपूर्वक लिहिलेला आहे आणि आंबेडकरांच्या प्रसंगाविषयी आपण जे लिहिले त्याला उत्तर नाही. तरीही मी आपल्याशी असहमत आहे.

सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचेच पाहा. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात त्याचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते सबंध राज्यात लागू केले. तेरा वर्षे एक माणूस एका कल्पनेच्या मागे उभा राहिला. ब्रिटिश हिंदुस्थानात गोखल्यांनी १९११ साली तशाच स्वरूपाचे, किंबहुना अधिक सौम्य, विधेयक मांडले. बडोद्याचे उदाहरण समोर होते. तरी १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. चर्चा, समित्या, मतदान यांतून जे झाले नाही ते एका राजाने करून दाखवले. ज्याला निवडणुकीची चिंता नाही तोच पन्नास वर्षांपुढचे पाहू शकतो.

दुसरी गोष्ट संकटकाळाची. १९४० च्या एप्रिलमध्ये जर्मनांनी त्यांच्या बाजूच्या क्विस्लिंगला पंतप्रधान नेमण्याची मागणी केली तेव्हा नॉर्वेच्या सातव्या हाकोन राजाने मंत्रिमंडळाला स्पष्ट सांगितले की, तुम्हाला ही नेमणूक करायची असेल तर मी पद सोडतो. त्या एका वाक्याने सरकारचा कणा ताठ राहिला. १९८१ च्या २३ फेब्रुवारीला स्पेनच्या संसदेत बंदूकधारी शिरले आणि मध्यरात्रीनंतर राजा लष्करी गणवेशात दूरचित्रवाणीवर आला तेव्हा बंड फसले. कोणत्याही पक्षाच्या कृपेने न आलेल्या माणसाच्या शब्दाला अशा वेळी जे वजन येते, ते पक्षांच्या मतांवर निवडून आलेल्या राष्ट्रपतीला येईल काय?

लष्करकर (ग्वाल्हेर)

या चर्चेत एक गोष्ट नेहमी राहून जाते. घटनात्मक राजपदाच्या जवळ जाणारा एक प्रयोग आपल्याच देशात, तोही आमच्या मध्य भारतात, होऊन गेला आहे.

२८ मे १९४८ रोजी मध्य भारत संघाचे उद्घाटन झाले. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि इंदूरचे यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. राजधानीचा वाद हिवाळ्यात ग्वाल्हेर व उन्हाळ्यात इंदूर अशा तडजोडीने मिटवला गेला. संविधान आल्यावर अशा, म्हणजे जुन्या संस्थानांतून बनलेल्या, 'ब' वर्गातल्या बहुतेक राज्यांत राज्यपालाच्या जागी राजप्रमुखच राहिले: कारभार निवडून आलेल्या मंत्रिमंडळाचा, विधानसभेपुढे अभिभाषण राजप्रमुखाचे. ही व्यवस्था १९५६ पर्यंत चालली आणि सातव्या घटनादुरुस्तीने संपली.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे ती आठ वर्षे उपयोगाची होती. शेकडो वर्षे एका घराण्याला मुजरा करणाऱ्या प्रदेशाला नव्या शासनाकडे नेताना ओळखीचा चेहरा वर असणे शहाणपणाचे होते, आणि ज्यांनी ते ठरवले त्यांना मी दोष देणार नाही. दुसरी म्हणजे ती संपली तेव्हा काहीही कोसळले नाही. ग्वाल्हेरात जयविलास प्रासाद तेथेच राहिला, लोकांचे प्रेमही राहिले, आणि १९५७ च्या निवडणुकीत विजयाराजे शिंदे गुण्यातून लोकसभेवर निवडून गेल्या. ज्यांना लोकांचे काम करायचे होते त्यांनी ते मत मागून केले.

यामुळे माझे मत धागाकर्त्यांच्या जवळचे, पण थोडे वेगळे आहे. संक्रमणाच्या काळात वंशपरंपरेचे पद काही काळ ठेवावे. कायमचे ठेवू नये.

माळवी

लष्करकरांनी शेवटी जे लिहिले तेथेच माझी शंका आहे. राजपद गेले, पण मतदारसंघ मुलाला, सुनेला, नातवाला मिळतात. मग आपण काय मिळवले? निदान राजेशाहीत तो वारसा उघडपणे लिहिलेला असतो.

विश्वामित्रीकाठ

माळवी, आपला प्रश्न रास्त आहे आणि घराणेशाहीचा मला आपल्याइतकाच त्रास होतो. फरक मात्र मोठा आहे. १९७७ मध्ये रायबरेलीने पंतप्रधानांना पाडले. २०१९ मध्ये गुण्याच्या मतदारांनी शिंदे घराण्यातील उमेदवाराला पाडले, ज्या जागेवर त्या घराण्याचा अनेक दशके प्रभाव होता. मल्हाररावांच्या प्रजेला असे काही करता आले असते तर बडोद्याच्या इतिहासात रेसिडेंटची गरजच उरली नसती. घराणेशाही हा लोकशाहीचा रोग आहे आणि त्यावरचा इलाज लोकशाहीतच आहे. राजेशाहीत तीच प्रकृती समजली जाते.

दांडियाबाजारांना उत्तर. गोखल्यांचे विधेयक लोकांनी फेटाळले नव्हते. ज्या कौन्सिलने ते फेटाळले तिच्यात सरकारी सदस्यांचे बहुमत होते आणि ते सरकार इंग्लंडच्या बादशहाच्या नावाने चालत होते. तेव्हा हे उदाहरण मतदानाच्या अपयशाचे मानता येणार नाही. ज्यांना लोकांनी निवडलेले नाही अशा माणसांनी लोकांच्या मुलांविषयी निर्णय घेतला की काय होते, याचे ते उदाहरण आहे. बडोद्यात तसाच न निवडलेला माणूस चांगला निघाला. तो तसा निघेलच, याची हमी व्यवस्थेत कोठे होती? सयाजीरावांनी धारासभाही (विधिमंडळ) स्थापन केली, परंतु ती सल्ला देण्यापुरतीच राहिली. पन्नास वर्षांपुढचे पाहणाऱ्या राजालाही, आपल्यानंतर हे कोण सांभाळेल, याचे उत्तर प्रजेच्या हाती सोपवणे जड गेले.

हाकोन राजाविषयी मला मनापासून आदर आहे. मात्र १९०५ साली स्वीडनपासून वेगळे झाल्यावर नॉर्वेच्या लोकांनी सार्वमत घेतले आणि सुमारे ७९ टक्के मतांनी त्याला राजा म्हणून बोलावले. डेन्मार्कच्या त्या राजपुत्राने स्वतःच या सार्वमताची अट घातली होती. १९४० साली त्याच्या शब्दाला जे वजन आले त्यात या मतांचे वजन नव्हते, असे मला म्हणता येत नाही. स्पेनचा तो राजाही त्या रात्री खंबीर राहिला, हे मान्य. पुढे त्याच्या आर्थिक व्यवहारांवर प्रश्न उठले, २०१४ साली त्याने पदत्याग केला आणि २०२० साली देश सोडला. पदावर असताना त्याला न्यायालयात उभे करता येत नव्हते, कारण स्पेनच्या संविधानानुसार राजाची व्यक्ती अनुल्लंघनीय आहे.

कायदावाचक (इंदूर)

संकटकाळात वंशपरंपरागत प्रमुख अधिक विश्वासार्ह असतो, या दाव्याकडे कायद्याच्या दृष्टीने पाहू या. उदाहरणे दोन्ही बाजूंनी देता येतात. १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुसोलिनीचे लोक रोमकडे निघाले तेव्हा पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायद्याचा आदेश तयार केला आणि राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने त्यावर सही करण्यास नकार दिला. पुढच्या वीस वर्षांत काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा एका हाकोनपुढे एक व्हिक्टर इमॅन्युएल उभा आहे, आणि दोघेही जन्माने राजघराण्यातलेच होते.

परंतु माझा मुद्दा आजच्या व्यवस्थेचा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी संसद पाच आठवडे स्थगित करण्याचा सल्ला दिला आणि राणीने तो मान्य केला. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने ती स्थगिती बेकायदा ठरवली. राणीने नकार का दिला नाही? कारण ती निवडून आलेली नव्हती. नकार दिला असता तर 'लोकांनी न निवडलेली व्यक्ती लोकांनी निवडलेल्या पंतप्रधानाला अडवते' असा घटनात्मक पेच उभा राहिला असता. ज्या क्षणी त्या पदाचा उपयोग व्हायला हवा, नेमक्या त्याच क्षणी जन्माच्या आधारावर उभे असलेले पद हतबल होते. आणि जेथे राजाने खरोखर नकार दिला तेथे काय झाले तेही पाहावे. १९९० साली बेल्जियमच्या बोदुएँ राजाने गर्भपाताच्या कायद्यावर सही करण्यास सदसद्विवेकाच्या कारणाने नकार दिला. मंत्रिमंडळाने त्याला राज्य करण्यास असमर्थ घोषित केले, स्वतः कायद्यावर सह्या केल्या आणि दीड दिवसाने संसदेने त्याला पुन्हा पदावर आणले. २००८ साली लक्झेंबर्गच्या ग्रँड ड्यूकने इच्छामरणाच्या कायद्याला संमती नाकारली, तर तेथे संविधान बदलून त्याचा तो अधिकारच काढण्यात आला.

याच्या शेजारी आपल्या राष्ट्रपतिपदाचे दोन प्रसंग ठेवावेत. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. निवडून आलेले पदही वाकू शकते, हे मी लपवणार नाही. मात्र त्या अनुभवानंतर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार स्पष्टपणे दिला गेला. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. पुढच्या वर्षी बिहारच्या बाबतीत पुन्हा तसेच झाले. यावरून कोणताही पेच निर्माण झाला नाही. देशभरातल्या आमदार-खासदारांच्या मतांनी आलेल्या माणसाने 'पुन्हा विचार करा' म्हणणे लोकांना स्वाभाविक वाटले. माझ्या दृष्टीने या प्रश्नाचा कायदेशीर निकाल येथेच लागतो.

सूरसागर

धागाकर्त्यांनी ज्या मुलाला पद नाकारता येत नाही असे म्हटले, त्यावर मला थोडे लिहायचे आहे, कारण हे मूल मुलगी असेल तर काय होते याचा उल्लेख कोणीच केला नाही.

जपानच्या राजघराण्यात १९६५ पासून २००६ पर्यंत एकही मुलगा जन्मला नाही. आजच्या सम्राटांना एकच मूल आहे, राजकन्या आयको, आणि ती मुलगी असल्यामुळे गादीची वारस होऊ शकत नाही. तिच्या आईवर मुलगा व्हावा म्हणून किती वर्षे किती दडपण राहिले, हे साऱ्या जगाने पाहिले. त्या घरातल्या मुलीने बाहेरच्या माणसाशी लग्न केले तर तिला राजघराणेच सोडावे लागते. २०२१ साली राजकन्या माको हिच्या बाबतीत हेच झाले. एका सुशिक्षित, समृद्ध देशाच्या संविधानातले पहिलेच पद अशा नियमावर उभे आहे. खंडेरावांच्या मागे जमनाबाईंना मुलगी झाली तेव्हा बडोद्यात जे घडले, तेच दीडशे वर्षांनी टोकियोत चालू आहे.

स्वीडनने हा अन्याय दूर केला, असे सांगितले जाते. तेथे १ जानेवारी १९८० पासून ज्येष्ठ अपत्य वारस ठरते, मग ती मुलगी असो वा मुलगा, आणि त्या दिवशी सात महिन्यांच्या राजपुत्राकडून युवराजपद त्याच्या मोठ्या बहिणीकडे गेले. मला हे योग्यच वाटते. पण जन्माने मिळालेला हक्क संसद एका कायद्याने एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे नेऊ शकत असेल, तर तो हक्क मुळात जन्माचा राहिला कोठे? तो संसदेने दिलेला आहे. मग संसदेने तो एकाच घरात का वाटावा?

माळवी

सूरसागर यांचे वाचून इंदूरची आठवण न होणे अशक्य आहे. आमच्याकडे राज्यकर्त्यांत पहिले नाव अहिल्याबाईंचे. त्या होळकरांच्या रक्ताच्या नव्हत्या. त्या सून होत्या. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीला पडले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले, मुलगा मालेराव दुसऱ्याच वर्षी गेला, आणि दत्तक बसवून कारभार आपल्याकडे घेऊ पाहणाऱ्यांना तोंड देत, माधवराव पेशव्यांची संमती मिळवून त्यांनी राज्य हाती घेतले. पुढे १७९५ पर्यंत महेश्वराहून त्यांनी जो कारभार केला त्याची साक्ष काशीपासून सोमनाथापर्यंत आहे. त्याच गादीवर पुढे सरळ वारसाने आलेल्या तिसऱ्या तुकोजीरावांना मुंबईतील व्यापारी बावला यांच्या खुनाच्या प्रकरणानंतर १९२६ साली पद सोडावे लागले, तेही इंग्रजांच्या दबावाखाली. माझी आधीची शंका पूर्ण गेलेली नाही. पण बडोदे आणि इंदूर या दोन्ही ठिकाणी आपण ज्यांना देवाच्या जागी मानतो ते दोघेही सरळ रक्ताच्या नियमाने आलेले नव्हते, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

दांडियाबाजार

माळवींच्या मुद्द्याची दुसरी बाजूही आहे. दत्तक घेणे, सुनेच्या हाती कारभार देणे, ही लवचीकता आपल्याच राजपरंपरेत होती. तेव्हा दोष असलाच तर तो रक्तालाच सर्वस्व मानणाऱ्या कठोर नियमाचा आहे, राजपदाचा नव्हे.

शिवाय नेपाळचे काय? २८ मे २००८ रोजी संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपवली. तेव्हापासून एकही सरकार पाच वर्षे टिकलेले नाही, आणि २०२५ साली काठमांडूच्या रस्त्यांवर राजाला परत आणा म्हणणारे लोक उतरले. शेजारच्या भूतानमध्ये राजा आहे आणि शांतता आहे.

एक गोष्ट वेदनेने लिहितो. विलीनीकरणाच्या वेळी संस्थानिकांना वार्षिक तनख्याचे जे वचन दिले ते संविधानात लिहिले गेले होते. बडोद्याच्या महाराजांसाठी ते वर्षाला साडेसव्वीस लाखांचे होते. रक्कम महत्त्वाची नाही. सरदार पटेलांनी संविधान सभेत ज्या वचनाची पाठराखण केली, ते १९७१ साली एका दुरुस्तीने पुसले गेले. लोकशाहीने आपला शब्द असा मोडला तर तिच्यावर विश्वास कसा ठेवावा?

विश्वामित्रीकाठ

तनख्यांविषयी आपण जे लिहिले त्यातला पहिला भाग मला मान्य आहे. १९७० मध्ये राज्यसभेत दुरुस्ती एका मताहूनही कमी अंतराने पडल्यावर सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने सर्व संस्थानिकांची मान्यता काढली, आणि त्याच वर्षी माधवराव शिंदे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, हे योग्यच झाले. १९७१ ची ती सव्विसावी दुरुस्ती कायदेशीर मार्गाने आली. परंतु संबंधितांशी वाटाघाटी करून, काही वर्षांची मुदत देऊन ती आली असती तर ते अधिक शोभले असते. समतेसाठी विशेषाधिकार संपवणे बरोबर होते. ज्या घाईने ते केले गेले तिचे समर्थन मी करणार नाही.

नेपाळविषयी मात्र थोडे मागे जावे लागेल. १९६० च्या डिसेंबरमध्ये राजा महेंद्र यांनी बी. पी. कोइराला यांचे निवडून आलेले सरकार बरखास्त केले आणि पुढची तीस वर्षे पक्षांवर बंदी राहिली. २००५ साली राजा ज्ञानेंद्र यांनी पुन्हा सत्ता हाती घेतली. ज्या देशात पक्षांना वाढूच दिले नाही तेथे आज पक्ष दुबळे आहेत, याचा दोष राजा जाण्याला देणे न्यायाचे नाही. भूतानचे उदाहरण आपण दिले ते बरे झाले. तेथल्या २००८ च्या संविधानात राजाने पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हावे, असे लिहिले आहे, आणि संसदेच्या तीन चतुर्थांश बहुमतानंतर सार्वमताने राजाला हटवण्याची तरतूदही आहे. ते संविधान राजांच्याच पुढाकाराने आले. जगातल्या सर्वांत समंजस राजांनी स्वतःच्या पदाला निवृत्तीचे वय आणि लोकमताची कसोटी लावून घेतली, म्हणजे ते पद निवडलेल्या पदाच्या दिशेनेच नेले. आपण म्हणता ती दत्तकाची लवचीकताही मला त्याच दिशेचे एक पाऊल वाटते. योग्य माणूस शोधायचाच असेल तर तो कवळाण्याच्या एका घरात शोधून का थांबावे?

खर्चाविषयी कोणी फारसे लिहिले नाही, याचा मला आनंद आहे. राष्ट्रपती भवनही फुकट चालत नाही.

लष्करकर (ग्वाल्हेर)

मग हे पद संपवायचे कसे, यावर आपण काहीच लिहिले नाही. इटलीत १९४६ साली सार्वमत झाले, ५४ टक्क्यांनी राजेशाही गेली, आणि तिथल्या राजघराण्यातील पुरुष वारसांना २००२ पर्यंत देशात पाय ठेवता येत नव्हता. असे करायचे काय?

विश्वामित्रीकाठ

मुळीच नाही. जन्मावरून पद देणे चूक असेल तर जन्मावरून हद्दपार करणेही तितकेच चूक आहे. त्या घरातल्या माणसांना इतर नागरिकांचे सर्व हक्क मिळावेत, मत देण्याचा आणि मागण्याचाही. खाजगी मालमत्ता त्यांची राहावी, राज्याची मालमत्ता राज्याकडे यावी, आणि त्यांची विभागणी मतदानाच्या आधी लेखी व्हावी.

मला बार्बाडोसची पद्धत सर्वांत चांगली वाटते. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी तो देश प्रजासत्ताक झाला. गव्हर्नर-जनरल असलेल्या सँड्रा मेसन यांनाच संसदेने पहिल्या राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडले होते आणि ब्रिटनचे युवराज त्या समारंभाला पाहुणे म्हणून उपस्थित होते. कोणाचा अपमान झाला नाही. त्यात एक उणीव राहिली, ती म्हणजे सार्वमत झाले नाही. मोठ्या देशात ते व्हावे, असे मला वाटते. परंतु सार्वमताची तयारी कशी करू नये, हे ऑस्ट्रेलियाकडून शिकावे. तेथे १९९९ साली सुमारे ५५ टक्के लोकांनी प्रस्ताव नाकारला, आणि नाकारणाऱ्यांत राजेशाही नको असलेलेही पुष्कळ होते, कारण प्रस्तावातला राष्ट्राध्यक्ष संसदेने नेमायचा होता आणि त्यांना तो थेट लोकांनी निवडलेला हवा होता. राजा हवा की नको आणि नको असेल तर त्याच्या जागी येणारा प्रमुख कोणी व कसा निवडायचा, हे दोन प्रश्न एकाच मतपत्रिकेवर बांधले की पहिल्याचे खरे उत्तर कळत नाही. आधी पहिला प्रश्न विचारावा, आणि त्याचे उत्तर आल्यावर दुसऱ्यासाठी वेगळे मतदान घ्यावे. ही निवड आपल्यासारखी आमदार-खासदारांमार्फत व्हावी की थेट, याविषयी कायदावाचक यांचे मत वाचायला मला आवडेल.

कायदावाचक (इंदूर)

अप्रत्यक्ष व्हावी, असे माझे मत आहे. कोट्यवधींच्या थेट मतांनी आलेला राष्ट्रप्रमुख 'पुन्हा विचार करा' एवढे सांगून थांबणार नाही. तो पंतप्रधानाशी स्पर्धा करू लागेल. नारायणन यांना जे साधले ते त्यांच्यापाशी पुरेसे लोकमत होते आणि फाजील लोकमत नव्हते, म्हणून साधले. याची कारणे विस्ताराने मांडायला हवीत, तेव्हा त्यासाठी स्वतंत्र धागा काढतो.